उलटी बाजू : दाम, दर्जा आणि पारख

रोजच्या वापराची वस्तू घेताना चार पैसे जास्त मोजावेत पण चांगली घ्यावी, हा सल्ला आपल्याकडे घरोघरी दिला जातो. 'जितका गूळ तितके गोड' ही म्हण त्याच्या पाठीशी उभी असते. दिवाळीच्या आधी गुलमंडीवर किंवा शहागंजात फिरले की 'स्वस्त आणि मस्त'च्या पाट्या या म्हणीला परस्पर उत्तर देताना दिसतात. या दोन्हींत खरे कोणाचे, हा वाद आपण आयुष्यभर घालतो. मला या वादाची मांडणीच अपुरी वाटते. दोन्ही पक्ष किमतीबद्दल बोलतात. वस्तूबद्दल कोणीच बोलत नाही.

या लेखात मी तीन वस्तू तपासणार आहे : कापड, वहाण आणि कागद. मी विद्यापीठात शिकवत नाही. वस्त्रविद्येची किंवा कागदशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. जुनी नियतकालिके, हिशेबाच्या वह्या आणि कापडाचे तुकडे हाताळताना, जाणकारांना विचारताना आणि मिळेल ते वाचताना जे हाती लागले ते मांडतो आहे. माझे म्हणणे आधीच सांगून ठेवतो. जास्त दाम मोजल्याने दर्जा मिळतोच असे नाही. दर्जा टिकतो तो पारख असलेल्या गिऱ्हाइकामुळे. आणि पारख ही एकट्यादुकट्या गिऱ्हाइकाची हुशारी नसून समाजाची सामाईक ठेव आहे; ती संपली की महागातली वस्तूही फसवी होते.

कापडाची पाठ

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे कालपरवापर्यंतचे औरंगाबाद, दोन कापडांसाठी ओळखले जाते. शहरातला हिमरू आणि जिल्ह्यातल्या पैठणची पैठणी. दोन्ही कापडे पर्यटकांना एकाच दुकानात, एकाच कौतुकाने दाखवली जातात. विणकामाच्या दृष्टीने मात्र ती एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत.

'अस्सल पैठणी कशी ओळखावी' याचा एक नियम आता बहुतेक मध्यमवर्गीय घरांत माहीत झाला आहे : पदर उलटा करून पाहा. पारंपरिक पैठणीत प्रत्येक रंगाचा आडवा धागा आपल्या नक्षीपुरताच जातो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकून मागे वळतो. त्यासाठी विणकर बोटाएवढ्या लहान लहान कांड्या वापरतो. त्यामुळे मोर असो वा कमळ, समोरून दिसते तेच मागून दिसते. यंत्रमागावरच्या नकलेत नक्षीचा धागा कापडाच्या पाठीवरून मोकळा धावतो, किंवा तो कापून टाकल्याची कुसळे मागे दिसतात. मागे धागे दिसले की नक्कल, असा हा नियम.

हाच नियम घेऊन हिमरूच्या शालीकडे गेलात तर अस्सल हिमरू तुम्ही नकली ठरवून परत कराल. हिमरूत ताणा सुती असतो आणि नक्षी जादा बाण्याच्या रेशमी धाग्याने उठवलेली असते. नक्षीत नसेल तेव्हा हा धागा कापडाच्या पाठीवरून सैल धावतो. तो सैलपणा हा दोष नाही. त्या मोकळ्या धाग्यांच्या थरामुळेच हिमरू अंगाला मऊ आणि उबदार लागतो. म्हणजे जी खूण एका कापडाची लबाडी उघड करते, तीच दुसऱ्या कापडाचे मर्म आहे. इतकेच कशाला, आज हातमागावर विणल्या जाणाऱ्या ब्रोकेड पैठणीच्याही पाठीवर धागे असतात; ती यंत्राची नाही, पण जुन्या पद्धतीचीही नाही. नियम पाठ असणे आणि पारख असणे यांत असा फरक आहे. नियम एका वस्तूपुरता चालतो. पारख असलेल्या माणसाला धागा तिथे का आहे हे ठाऊक असते.

हिमरूचा इतिहास आपल्या विषयाला आणखी एक धडा देतो. हे नाव 'सारखा', 'समान' अशा अर्थाच्या फारसी शब्दावरून आले असे मानतात. सारखा कशासारखा? किनखापासारखा. किनखाप म्हणजे रेशमात जर भरलेले, राजेरजवाड्यांना परवडणारे कापड. त्याचा थाट राखून सुताच्या आधाराने किंमत खाली आणली तो हिमरू. त्याचाच नातलग मशरू : वरून रेशमाची झिलई, आतून अंगाला सूत. नुसते रेशीम अंगाला लावू नये हा धार्मिक संकेत पाळणाऱ्या मुसलमान घरांसाठी तो सोयीचा, म्हणून त्याचे नावच 'परवानगी असलेला' अशा अर्थाचे. म्हणजे आज ज्याला आपण महाग वारसा म्हणून मिरवतो तो हिमरू मुळात स्वस्त पर्याय होता. पण तो प्रामाणिक पर्याय होता. सुती ताणा लपवलेला नव्हता. घेणाऱ्याला तो ठाऊक होता आणि विणणाऱ्याने त्याच मर्यादेत नवे सौंदर्य काढले.

यावरून एक निकष हाती येतो. स्वस्तपणा हा दर्जाचा शत्रू नाही, अपारदर्शकपणा आहे. सूत घालून सूत म्हणून विकलेले कापड चांगले असू शकते. कृत्रिम रेशीम घालून रेशीम म्हणून विकलेले कापड, त्याला कितीही किंमत दिली तरी, वाईटच. ही लबाडी पकडायला प्रयोगशाळा लागत नाही. एक धागा काढून जाळावा. रेशीम केस जळल्यासारखे वास मारते आणि त्याची राख बोटाने चुरता येते. व्हिस्कोस कागदासारखा जळतो. पॉलिस्टर वितळते आणि त्याचा टणक मणी होतो. ही परीक्षा जुन्या कापडवाल्यांना आणि शिंप्यांना माहीत असे. आता ती गिऱ्हाइकाला माहीत नाही आणि पुष्कळदा विक्रेत्यालाही नाही.

उसनी पारख

पारख नसलेल्या बाजारात काय होते, याचे उत्तर जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका छोट्या निबंधात दिले. त्याचे उदाहरण जुन्या मोटारींचे होते. विकणाऱ्याला गाडीचे दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. घेणारा धोका धरून सरासरी किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात. उरलेल्यांचा दर्जा पाहून किंमत आणखी उतरते. पुढे २००१ मध्ये ज्या कामासाठी त्याला नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्याचा हा पाया.

हे गणित आपल्या शहरातल्या शालीला जसेच्या तसे लागू पडते. वेरूळ-अजिंठ्याला आलेल्या प्रवाशाला हातमाग आणि यंत्रमाग यांतला फरक दिसत नाही. तो दोन्हींना मधलीच किंमत देऊ करतो. यंत्रमागाच्या शालीला ती भरपूर होते आणि हातमागाच्या शालीला ती पुरत नाही. मग हातमाग बंद पडतो. आपण त्यावर 'कला लोप पावते आहे' असे हळहळून लिहितो, पण ती लोप पावत नाही. आपल्याला ती ओळखता येत नाही, म्हणून तिला बाजारातून उठावे लागते.

यावर शासनाने शोधलेला उपाय म्हणजे शिक्का. रेशमासाठी २००४ पासून सिल्क मार्क आला, हातमागासाठी २००६ मध्ये हँडलूम मार्क आला. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा. पैठणीला ते मानांकन २०१० मध्ये मिळाले. सोलापुरी चादर तर हे मानांकन मिळवणाऱ्या महाराष्ट्रातल्या पहिल्या वस्तूंपैकी. शिक्के हवेतच, त्यांना माझा विरोध नाही. पण शिक्का ही उसनी पारख आहे. शिवाय भौगोलिक मानांकन मुख्यतः वस्तू कुठली आहे हे सांगते. तुमच्या हातातला नग किती चांगला विणला आहे हे ते सांगत नाही. सोलापुरी चादर रोजची वस्तू. तिच्या नावावर दुसरीकडची माल खपतो ही तक्रार जुनीच आहे. नाव वाचून घेणाऱ्याला ती कळत नाही. चादर हातात तोलून, धाग्याची घट्ट वीण नखाने चाचपून घेणाऱ्याला कळते.

स्वदेशीच्या चळवळीकडेही या बाजूने पाहायला हवे. १८७७ च्या दिल्ली दरबाराला गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका हातच्या सुताचे कपडे घालून गेले, तेव्हापासून मराठी माणसाला 'आपली वस्तू महाग पडली तरी घ्या' हे शिकवले गेले. त्यामागचे राजकीय कारण खरे होते आणि त्याचे मोल मोठे आहे. पण त्या शिकवणीने वस्तू कोणाची हे बघायला शिकवले. वस्तू कशी आहे हे बघायला तितके शिकवले नाही. जास्तीचा दाम हा कर्तव्याचा भाग झाला, आणि कर्तव्य म्हणून घेतलेल्या वस्तूची चिकित्सा करणे अवघड असते.

याच काळातले एक वेगळे उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले मोजके नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. खपले ते शेतात चालवून पाहिल्यावर. शेतकऱ्याने भाषण ऐकून मत बदलले नाही, तास किती खोल जातो ते पाहून बदलले. पारख अशी वापरातून येते. त्यासाठी वस्तू आणि माणूस यांचा सहवास लागतो, वेळ लागतो.

वहाण आणि टिकाऊपणाचे गणित

जुन्या वस्तू टिकाऊ होत्या असे आपण म्हणतो. यात एक फसगत आहे. टिकल्या त्याच आपल्याला दिसतात. मोडल्या त्या उकिरड्यावर गेल्या. तरीही गावगाड्यात टिकाऊपणाला एक आर्थिक कारण होते आणि ते समजून घेण्यासारखे आहे.

त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' (१९१५) हे पुस्तक बलुत्याची देणीघेणी तपशिलाने नोंदवते. चांभाराला नगावर पैसे मिळत नसत. वर्षाच्या कामाबद्दल सुगीत धान्य मिळे. मोट, वहाणा, नाडे यांची दुरुस्ती त्यातच आली. या व्यवस्थेत वहाण लवकर तुटली तर नुकसान करणाऱ्याचे होते, कारण दुरुस्तीचे काम त्याच्याच गळ्यात पडे आणि धान्य तेवढेच मिळे. आज नगावर विक्री आहे. वहाण लवकर तुटली तर विकणाऱ्याचा फायदा होतो, कारण गिऱ्हाईक पुन्हा येते. माणसे तेव्हा प्रामाणिक होती आणि आता बिघडली असे म्हणायची गरज नाही. मोबदल्याची रीत बदलली म्हणून वस्तू बदलली.

हे लिहिताना गावगाड्याचे गोडवे गाण्याचा माझा इरादा नाही, आणि आत्र्यांनीही ते गायलेले नाहीत. ज्याच्या हाताला ही कारागिरी होती त्याला जातीने बांधून ठेवले होते. धान्य किती द्यायचे हे घेणाऱ्याने ठरवायचे आणि वहाण ज्याने शिवली त्याला उंबऱ्याबाहेर उभे करायचे. तो करार मोडला हे चांगलेच झाले. प्रश्न इतकाच की, त्या करारातली दुरुस्तीची जबाबदारीही आपण त्याच्याबरोबर टाकून दिली. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याची, खिळा न ठोकता चामड्याच्या वादीने शिवलेली कोल्हापुरी वहाण उसवली तर पुन्हा शिवता येते, तळ बदलता येतो. साच्यातून एकसंध निघालेली प्लास्टिकची चप्पल तुटली की फेकावीच लागते. जास्तीचा दाम कशाला द्यायचा याचे एक उत्तर इथे मिळते : दुरुस्त करता येण्याला. पण दुरुस्त करणारा कोपऱ्यावर बसलेला असेल तरच त्या उत्तराला अर्थ आहे. महाग वहाण घ्यायची आणि तिच्या शिवणीचे वीस रुपये घासाघीस करून दहा करायचे, हा आपला व्यवहार या अर्थाने आत्मघातकी आहे.

जून २०२५ मध्ये मिलानच्या एका प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या वहाणा दाखवल्या. मूळ कोठले हे सांगितले नव्हते. महाराष्ट्रातून आक्षेप गेल्यावर कंपनीने ते मान्य केले. लाखाच्या घरातली किंमत वर्तमानपत्रांत छापून आली आणि आपण सगळे संतापलो. संताप रास्त होता. पण त्याच आठवड्यात आपल्यापैकी किती जणांना कमावलेल्या चामड्याचा वास आणि रेक्झिनचा वास यांतला फरक सांगता आला असता? कोल्हापुरी वहाणेला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले होते. तरी परक्याने लाख रुपये लावल्यावर आपल्याला तिचे मोल दिसले. पारख हरवलेल्या समाजाला किंमत हीच एक खूण उरते, ती अशी.

आता मुख्य आक्षेपाकडे. चांगली वस्तू परवडते कोणाला? इंग्रजी लेखक टेरी प्रॅचेट यांच्या 'मेन ॲट आर्म्स' (१९९३) या विनोदी कादंबरीतला पोलीस अधिकारी सॅम व्हाइम्स बुटांचे गणित मांडतो. पन्नास डॉलरचे बूट दहा वर्षे टिकतात. दहा डॉलरचे एखाददोन मोसमांत फाटतात. पन्नास एकदम काढू न शकणारा माणूस दहा वर्षांत शंभर खर्च करतो आणि तरी त्याचे पाय ओलेच राहतात. गरिबी महाग पडते, ती अशी. 'चांगले घ्या, एकदाच घ्या' हा सल्ला ज्याच्याकडे एकदम द्यायला पैसे आहेत त्याच्यासाठीच असतो. जो हप्त्याने, मजुरीवर, उधारीवर जगतो त्याला तो सल्ला देणे म्हणजे त्याच्या निवडीला त्याचा दोष ठरवणे. म्हणून चांगल्या वस्तूचा प्रश्न केवळ घरगुती काटकसरीचा राहत नाही. तो सामाईक होतो. हे मला सर्वांत स्पष्ट दिसले ते कागदात.

आपल्याच हातातला कागद

दौलताबादहून खुलताबादकडे जाताना वाटेत कागजीपुरा लागतो. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला हलवली. तिच्याबरोबर कागद करणारे कसबी आले, अशी या गावाची परंपरा आहे. दौलताबादी कागद पुढे दख्खनेत प्रसिद्ध झाला. जुन्नरी आणि अहमदाबादी कागदाबरोबर त्याचे नाव घेतले जाई. कागदाच्या भारतातल्या प्रवासावर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प. कृ. गोडे यांनी लिहून ठेवले आहे. जिज्ञासूंनी ते जरूर पाहावे.

हातकागदाची रीत थोडक्यात अशी. चिंध्या आणि वाखाच्या जुन्या दोरांसारखे तंतू चुन्यात भिजवायचे, कुटायचे, धुवायचे, पाण्याच्या हौदात कालवून चाळणीने पातळ थर उचलायचा, वाळवायचा, खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. चिंध्यांचा तंतू लांब असतो, म्हणून कागद चिवट होतो. चुन्याचा अंश मागे राहतो, म्हणून त्यात आम्ल साठत नाही. त्यावर लिहायची शाई काजळीची. ती कागद खात नाही. मोडी दफ्तरे आणि पोथ्या दोनतीनशे वर्षे आपल्या उन्हापावसात टिकल्या त्याची कारणे ही अशी साधी आहेत.

युरोपात १८०७ मध्ये इलिग नावाच्या जर्मन घड्याळजीने तुरटी आणि राळ वापरून यंत्राच्या कागदाला खळ द्यायची रीत शोधली. १८४० नंतर लाकूड भरडून लगदा करायची रीत आली. कागद स्वस्त झाला. वर्तमानपत्रे, शाळेची पुस्तके, मासिके सामान्य माणसाच्या हातात आली. हा उपकार विसरता कामा नये. त्या स्वस्त कागदाशिवाय मराठीत मासिकांचे आणि दिवाळी अंकांचे युग आलेच नसते. पण तुरटी दमट हवेत हळूहळू आम्ल सोडते आणि ते आम्ल तंतू तोडते. भरडलेल्या लाकडातले लिग्निन उजेडात पिवळे पडते. अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी १९५० च्या दशकात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली पुस्तके तपासली आणि त्यांतली बहुतेक पन्नास वर्षेही धड वापरता येणार नाहीत असा निष्कर्ष काढला.

हे मी वाचले त्याच्या आधीच बोटांना कळले होते. एकाच कपाटात, एकाच हवेत ठेवलेले अंक मी पाहिले आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभीचा एखादा अंक अजून पान उलटू देतो आणि दुसऱ्या महायुद्धात, कागदावर नियंत्रण असतानाच्या काळात निघालेला अंक दुमडताच बिस्किटासारखा तुटतो. इथे 'जुने ते टिकाऊ' हा नियम चालत नाही; कागद कोणता हे पाहावे लागते. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला. तेव्हापासूनच्या शंभराहून अधिक वर्षांच्या या परंपरेत मराठीतल्या कितीतरी कथा, कविता आणि वाद पहिल्यांदा अशाच पानांवर छापले गेले. पुष्कळांचे पुस्तक झाले नाही. ते पान गेले की ते लेखन गेले.

कोणाचे शब्द आधी जातात

आता व्हाइम्सचे बूट पुन्हा आठवावेत. चांगला कागद कोणाला परवडत होता? ज्याच्या पाठीशी संस्थानिक, कारखानदार किंवा जाहिराती होत्या त्याला. १९५५ च्या सुमारास मुंबईत निघालेले 'शब्द' सायक्लोस्टाइल करून वाटले जाई. साठीतली लघुनियतकालिके मिळेल त्या कागदावर निघत. याच शहरातून गंगाधर पानतावणे यांनी १९६८ पासून 'अस्मितादर्श' चालवले आणि दलित साहित्याच्या अनेक लेखकांचे पहिले शब्द त्यात आले. तेही वर्गणीदारांच्या बळावर, कोणा धनिकाच्या नव्हे. त्याआधी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'मूकनायक' १९२० मध्ये आणि 'बहिष्कृत भारत' १९२७ मध्ये सुरू झाला. आज ते आपल्याला सहज वाचता येतात, कारण महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये ते पुन्हा छापले.

ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांचे शब्द सर्वांत हलक्या कागदावर छापले गेले आणि तेच आधी झिजतात. कागदाचा दर्जा हा सुबकपणाचा विषय मानणाऱ्यांनी याचा विचार करावा. स्वस्त कागद ही अभिरुचीची निवड नव्हती. तो नाइलाज होता. त्या नाइलाजाची भरपाई १९९० मध्ये एका चळवळीच्या दोन पत्रांपुरती सार्वजनिक पैशातून झाली; बाकीच्यांची व्हायची आहे. एकट्या संपादकाने किंवा एकट्या वाचकाने जास्त पैसे मोजून हा प्रश्न सुटणार नाही. ग्रंथालये, वर्गणीदार आणि शासन यांनी मिळून मोजायचा हा जास्तीचा दाम आहे.

दुसरीकडे आज परिस्थिती अशी की, आम्लरहित कागद ही राजेशाही चैन राहिलेली नाही. तुरटीऐवजी दुसरी खळ आणि चुनखडीची भर घातलेला कागद गिरण्या सर्रास काढतात. टिकाऊ कागदाचे आंतरराष्ट्रीय मानक १९९४ पासून अस्तित्वात आहे. तरी पुस्तकाच्या किमतीत आपण भलत्याच गोष्टींचे पैसे देतो. फुगीर कागद वापरून दीडशे पानांचे पुस्तक अडीचशे पानांसारखे जाड दिसते. वर चकचकीत वेष्टन, कडक पुठ्ठा. आणि आत? पाने शिवलेलीच नसतात, कण्याला नुसता डिंक असतो. पुठ्ठा टणक आणि बांधणी ठिसूळ, म्हणजे उलट्या बाजूची पैठणीच.

हे ओळखणे अवघड नाही. पुस्तक वरून पाहावे : कण्याशी फर्म्यांच्या घड्यांची लहान लहान वळणे दिसली तर जुजबांधणी आहे, पाने कापून सपाट एकत्र दाबलेली दिसली तर डिंकाची. फर्म्याच्या मध्यावर उघडून पाहावे, दोरा दिसेल. एक पान उभे आणि आडवे वाकवून पाहावे : कागद ज्या बाजूने सहज वाकतो ती घडी कण्याला समांतर हवी, नाहीतर पावसाळ्यात पाने लाटांसारखी उठतात. औरंगपुऱ्यातल्या दुकानात उभ्याउभ्या ही परीक्षा दोन मिनिटांत होते. आपण ब्लर्ब वाचतो, किंमत पाहतो आणि ही दोन मिनिटे तेवढी देत नाही.

मग कशासाठी जास्त मोजावे?

वरच्या तीन वस्तूंतून मला चार गोष्टी निघताना दिसतात. पहिली : ज्यात आत काय आहे ते लपवलेले नाही, त्या वस्तूला. हिमरूतले सूत उघड होते. दुसरी : जी दुरुस्त करता येते त्या वस्तूला, आणि तिच्या दुरुस्त करणाऱ्यालाही. तिसरी : जिथे फरक वस्तूच्या रचनेत आहे, वेष्टनात नाही. शिवणीला पैसे द्यावेत, सोनेरी छपाईला देण्याची घाई करू नये. चौथी : ज्या वस्तूवर दुसऱ्याचे काही अवलंबून आहे. माझी चप्पल तुटली तर माझा पाय पोळेल. अंकाचे पान तुटले तर अजून जन्मालाही न आलेल्या वाचकाचे काही जाईल. ज्या वस्तूचे नुकसान सोसणारा माणूस खरेदीच्या वेळी दुकानात हजर नसतो, तिथे जास्तीचा दाम सर्वांत जास्त उचित असतो.

हेही तितकेच खरे की, प्रत्येक छापील पान दोनशे वर्षे टिकायलाच हवे असे नाही. किराण्याची यादी आणि निवडणुकीचे पत्रक न्यूजप्रिंटवरच शोभते. वस्तूचे आयुष्य तिच्या कामाला साजेसे असावे, एवढेच मागणे आहे. दर्जा म्हणजे जास्तीत जास्त टिकणे असे मानले तर तीही एक चैनच होईल.

शेवटी एक छोटी सूचना, संपादकांना आणि वर्गणीदारांना. दिवाळी अंकाच्या श्रेयनामावलीत मुखपृष्ठकाराचे, अक्षरजुळणी करणाऱ्याचे, मुद्रकाचे नाव असते. त्यातच एक ओळ घालावी : कागद कोणता, किती जीएसएमचा, आम्लरहित आहे की नाही, बांधणी शिलाईची की डिंकाची. या ओळीला खर्च काही नाही. पण ती छापायची म्हटल्यावर छापण्याजोगे काही निवडावे लागेल आणि वाचणाऱ्यालाही विचारण्याची सवय लागेल. ज्या छोट्या अंकाला चांगला कागद परवडत नाही त्याने तेही प्रांजळपणे लिहावे. मग त्याच्या दोनपाच प्रती टिकाऊ कागदावर काढून ग्रंथालयांत ठेवण्याची जबाबदारी आपण वर्गणीदारांनी वाटून घेता येईल. हा अंक वाचून झाला की एकदा तो उलटा करावा आणि कण्याकडे पाहावे. पारखेची सुरुवात तिथून करता येते.